नॅश मोटारीला मिळालेला मान

लग्नाच्या दिवशी सकाळी वधूच्या आईने स्वतःच्या वडिलांना गॅरेजमध्ये गाठून त्यांच्याकडून वचन घ्यावे, असा प्रसंग सर्वसाधारण कुटुंबात सहसा उद्भवत नाही. परंतु केनोशा शहरातील वेंडल पाव्लिक यांच्या बाबतीत तो उद्भवला, आणि तसा तो उद्भवण्यास सबळ कारण होते.

"बाबा, हातातलं फडकं खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा," आर्डिस म्हणाली. तिच्या केसांत अजून ते कुरळे करण्याच्या गुंडाळ्या होत्या आणि एका पायात चप्पल नव्हती. "बघा म्हटलं ना!"

"ऐकतोय की. ऐकायला डोळे कशाला लागतात?"

"तुमच्या बाबतीत लागतात. आता नीट ऐका. कोरिन दोनच्या ठोक्याला चर्चच्या दारात उतरली पाहिजे. तिच्या झग्याला एकसुद्धा सुरकुती पडता कामा नये. आणि तिसरं..."

"तिसरं मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ना? मग म्हणून दाखवा."

वेंडल यांनी मोटारीच्या दिव्यावरून हळुवार हात फिरवला. "गाडीच्या इतिहासातला एक शब्द आज माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही."

"कुणापुढेही नाही."

"कुणापुढेही नाही. पण समजा, एखाद्यानं आपण होऊन विचारलं तर?"

"तरी नाही! हे सगळं नीट पार पडलं, तर गाडी इथे राहील. नाही पडलं, तर सोमवारी संग्रहालयाचा ट्रक येतोय, तो मी रिकामा परत पाठवणार नाही. कबूल?"

"कबूल," वेंडल म्हणाले. आणि एखाद्या रुग्णाच्या खाटेशेजारी बसावे तसे ते मोटारीच्या पायरीवर बसले.

येथे आर्डिसची बाजूही न्यायबुद्धीने मांडणे अवश्य आहे. ती मुळीच कठोर मनाची नव्हती. आई वारल्यानंतर तिनेच वडिलांना आग्रहाने आपल्या घरी आणले होते. मात्र वडिलांबरोबर त्यांची मोटारही आली, आणि त्या घराच्या गॅरेजमध्ये मोटार मावत असे ती एकच. तेव्हापासून वेंडल यांची नॅश हिवाळाभर आत रजई पांघरून उभी राही, आणि आर्डिसची स्वतःची गाडी बाहेर बर्फात. आर्डिस इस्पितळात परिचारिका असल्यामुळे तिला भल्या पहाटे निघावे लागे. काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता तिची बोटे बधिर होत, आणि गॅरेजच्या खिडकीतून ती रजई तिला दिसत असे. अशा वेळी मनुष्याच्या मनात संग्रहालयाचा विचार आला, तर त्यास दोष कोणी द्यावा?

इतिहास न सांगण्याविषयीची अटही निराधार नव्हती. आर्डिसच्या स्वतःच्या लग्नात वेंडल यांनी धर्मगुरूंची बाही धरून त्यांना चर्चच्या पायऱ्यांवर नॅशचा इतिहास एकोणीसशे सोळा सालापासून ऐकवण्यास प्रारंभ केला होता. वधूच्या आगमनाची धून वाजवणाऱ्या बाईंनी ती तीन वेळा पहिल्यापासून वाजवली. हकिकत पंचवीस सालापर्यंत पोहोचली तेव्हा नवरदेव खाली बसला होता.

वेंडल यांचा तरी काय अपराध? कोवळ्या वयात ते नॅशच्या कारखान्यात मोटारींच्या बैठका शिवण्याच्या विभागात लागले. चोपन्न साली कंपनीने हडसन या प्रतिस्पर्धी मोटार कंपनीशी संसार मांडून नवे नाव घेतले आणि सत्तावन्न साली शेवटची नॅश बाहेर पडली. तो दिवस त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला होता. स्वतःच्या हाताने ज्या मोटारीची बैठक शिवली, त्याच जातीची पन्नास सालची नॅश अ‍ॅम्बॅसडर त्यांनी घरी आणली, तेव्हा आर्डिस चार वर्षांची होती. मोटारीचा आकार न्हाणीचा टब उपडा ठेवल्यासारखा, रंग फिकट हिरवा, आणि पुढची चाकेही मागच्यांप्रमाणे पत्र्याखाली झाकलेली. त्यामुळे ती चाके फारशी तिरपी होऊ शकत नसत, आणि साध्या वळणासाठीसुद्धा मोटारीला अर्धे मैदान लागे. लोक हसत. वेंडल मात्र तिला देखणी समजत, आणि मनुष्य जिला मनापासून देखणी समजतो तिच्याविषयी त्याला बोलावेसे वाटणारच.

असो. दुपारी बारानंतर खरी अडचण उपस्थित झाली. कोरिन पांढऱ्या साटिनचा झगा घालून बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभी होती आणि तिला बसण्याची मनाई होती. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून, पुढे वाकून तिने उभ्याउभ्याच एक गोड पाव खाल्ला होता.

"बसलीस तर मागच्या बाजूला नकाशा उमटेल," आर्डिस म्हणाली. "सकाळपासून इस्त्री करून माझा खांदा गेलाय."

"मग चर्चपर्यंत उभी कशी येऊ, आई? छपरातून डोकं बाहेर काढून?"

दारात उभे असलेले वेंडल खाकरले. "आडवी ये."

"बाबा!"

"गाडीत पलंग आहे. छत्तीस सालापासून आपल्या कंपनीनं..." आर्डिसचे बोट वर गेले. वेंडल थांबले आणि म्हणाले, "पलंग आहे. एवढंच."

ही गोष्ट सत्य होती. चालकाशेजारच्या बैठकीची पाठ एक दांडा ओढताच मागे कलंडून मागच्या बैठकीशी समपातळीत येई आणि माणूस लांब पाय पसरून निजू शके.

"ठाऊक आहे मला तो पलंग," आर्डिस म्हणाली. "त्या पलंगापायी गावातल्या एकाही बापानं आपली पोरगी या गाडीत बसू दिली नाही. माझ्या मैत्रिणी चालत यायच्या सिनेमाला!" परंतु तिने झग्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि हात टेकले. "चादर स्वच्छ घाला. आणि हळू चालवा."

करवल्या, केक आणि फुलांच्या टोपल्या घेऊन आर्डिस पुढे निघून गेली. मागे राहिले आजोबा, नात आणि नॅश.

वेंडल यांनी पांढरी शुभ्र चादर अंथरली. कोरिनला त्यांनी इतक्या जपून आडवे केले की साटिनला त्याचा पत्ताही लागला नाही. झग्याचा घोळ पायांवरून सरळ पसरला. डोक्यावरची जाळीची ओढणी चेहऱ्यावरून नीट बसवली. राहता राहिला पांढऱ्या लिलीचा गुच्छ. तो बाजूला ठेवला तर दबेल, पायाशी ठेवला तर घरंगळेल. तेव्हा कोरिनने तो छातीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात जुळवून ठेवले. केशरचना बिघडू नये म्हणून तिला मान हलवता येत नव्हती. आदल्या रात्री उत्साहापायी तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आजोबा, हळू हं."

"अगं पोरी, काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं नेल्यागत नेतो."

गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच तिला गाढ झोप लागली होती.

गल्लीच्या टोकाशी वेंडल यांच्यासाठी एक आश्चर्य वाट पाहत होते. नॅश मालकांच्या मंडळाचे अध्यक्ष ऑस्कर ल्युडके आपल्या काळ्या अ‍ॅम्बॅसडरसह तेथे हजर होते, आणि त्यांच्यामागे मंडळाच्या आणखी चार नॅश धुऊनपुसून उभ्या होत्या.

"तुला एकट्याला जाऊ देतो काय, म्हाताऱ्या?" ऑस्कर खिडकीतून ओरडले. "नात काय तुझ्या एकट्याची आहे? चल, हो पुढे!"

"शू! झोपलीय ती."

ऑस्कर यांनी डोकावून पाहिले आणि आवाज एकदम खाली आणला. "मग भोंगे नकोत. अरे, कुणी भोंगा वाजवायचा नाही रे! दिवे लावा सगळे, म्हणजे चौकात कुणी तुटणार नाही."

ज्या मुलखात लग्नाच्या मोटारी भोंगे वाजवून गाव डोक्यावर घेतात, आणि भर दिवसा दिवे लावून, एकीमागे एक, मुक्याने व संथ गतीने जाते ती केवळ प्रेतयात्रा, त्या मुलखात या पाच-सहा सज्जनांनी हा निर्णय घेतला. तोही सर्वस्वी वधूच्या सुखाचा विचार करून.

पहिल्याच रस्त्यावर समोरून पावाची मोठी गाडी येत होती. ती कडेला थांबली. आतला जाडजूड, पिकल्या मिशांचा चालक खाली उतरला, त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि मोटार पुढे जाईपर्यंत तो मान खाली घालून उभा राहिला.

वेंडल चकित झाले. मोटारीला पाहून हसणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. "टब कुठे बसवणार?" असे विचारणारे पाहिले होते. टोपी काढणारा मनुष्य त्यांच्या आयुष्यात आजवर आला नव्हता.

'ओळखणारे लोक आहेत अजून,' ते मनाशी म्हणाले.

पुढे एका बाईने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून छातीवर क्रुसाची खूण केली. बिअरच्या गुत्त्यासमोर बसलेले चौघेजण पेले खाली ठेवून उठून उभे राहिले. केस कापणारा न्हावी कात्रीसह दारात आला, आणि त्याच्यामागे अर्धे केस कापलेले गिऱ्हाईकही आले. वेंडल यांचे अंतःकरण भरून आले. चौतीस वर्षे! नॅश हे नाव रस्त्यावरून पुसले गेल्याला चौतीस वर्षे झाली होती; आणि त्यांना वाटे, आता ते आपल्या एकट्याच्याच तोंडी उरले आहे. लोकांनी बोलून दाखवले नसेल. पण ते विसरले नव्हते तर! त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. त्यांनी रुमालाने डोळे पुसले. सुकाणूच्या चाकाशी बसलेला तो वृद्ध रडताना पाहून रस्त्यावरच्या आणखी दोघीतिघींनी डोळ्यांना पदराऐवजी हातमोजे लावले.

आरशात पाहतात तो काय! पाच नॅशच्या मागे पावाची गाडी होती. तिच्यामागे एक निळी, एक लाल, आणखी एक, अशा पुष्कळ मोटारी दिवे लावून सामील झाल्या होत्या.

"फोर्डवालेसुद्धा!" वेंडल पुटपुटले. "शेवरोलेवालेसुद्धा!"

मोठ्या चौकात मोटरसायकलवाल्या तरुण पोलिसाने चारही बाजूंची रहदारी अडवली, ताठ उभे राहून सलाम ठोकला, आणि मग मोटरसायकलवर बसून तो मिरवणुकीच्या अग्रभागी चालू लागला. आता मानाची परिसीमा झाली. चर्चकडे जाण्यासाठी येथे डावीकडे वळायचे होते, हे वेंडल यांना पक्के ठाऊक होते. पण पोलीस सरळ निघाला. शासनाने आपण होऊन पाठवलेला मार्गदर्शक सोडून वळायचे तरी कसे? पुढे रस्ता खोदलेला असेल, त्याला ठाऊक असेल. शिवाय ते डावे वळण अरुंद होते, आणि नॅशला अरुंद वळणाचा मनस्वी तिटकारा. वेंडल सरळ गेले. ऑस्कर सरळ गेले. सगळेच सरळ गेले.

दगडी कमान आली. कमानीवर दोन देवदूत होते. आत हिरवळ होती, आणि हिरवळीवर ओळीने दगड उभे होते.

अरुंद फरसबंद वाटेवर पोलीस उतरला. शिरस्त्राण काखेत घेऊन तो खिडकीशी आला. "काका, फार वाईट झालं."

"काय वाईट झालं?" वेंडल यांनी घाबरून विचारले. "चाक बसलं का?"

"कोण होती ही तुमची?"

"नात."

"या वयात म्हणजे..."

"वयाचं काय एवढं? तेविसावं चालू आहे. आमच्या वेळी याहून लवकर उरकायचे."

पोलीस खिडकीशी आणखी वाकला. "आजार होता का काही?"

"छे हो! टोबी नावाचा मुलगा आहे. सालस आहे अगदी."

नेमक्या याच क्षणी कोरिनने डोळे उघडले. मोटार थांबल्यामुळे तिला जाग आली असावी. जाळीच्या ओढणीतून तिला प्रथम पंख पसरलेला एक देवदूत दिसला आणि मग बोडक्या डोक्याचा, डबडबलेल्या डोळ्यांचा एक पोलीस. ती ताडकन उठून बसली.

पोलीस मागल्या पावली सरकत सरकत एका थडग्यावर जाऊन बसला. मागे कोणी बाई किंचाळली. पावाच्या गाडीवाल्याची टोपी हातातून पडली.

"आजोबा, आपण कुठे आलोय? टोबी कुठाय? आणि ही एवढी माणसं कुणाला पुरायला आलीत?"

वेंडल यांनी मान वळवून पाहिले. वाटेवर माणसे उतरून उभी होती. सर्वांच्या टोप्या हातात होत्या आणि सर्वांची दृष्टी कोरिनवर होती. मोटारीकडे कोणी पाहत नव्हते. लग्नाला उशीर होणार, ही जाणीव त्यांना अजून झाली नव्हती. त्याआधी दुसरीच एक गोष्ट त्यांना उमगली. त्यांनी ओला रुमाल खिशात घातला आणि काही वेळ सुकाणूच्या चाकावरच्या पितळी चिन्हाकडे ते नुसते पाहत राहिले.

"मला वाटलं, तुम्ही..." पोलीस थडग्यावरून म्हणाला.

"मी मेलेली दिसते?" कोरिनने विचारले.

"नाही हो बाई. छान दिसता. म्हणून तर जास्त वाईट वाटलं."

"किती वाजले?"

दोनला थोडाच अवकाश होता, आणि आता नॅशच्या शरीररचनेने आपला प्रभाव दाखवला. त्या अरुंद वाटेवर सहाच्या सहा नॅशपैकी एकही वळेना. ऑस्कर यांनी काळी अ‍ॅम्बॅसडर पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली, आणि कोणा दिवंगत खाटकाच्या संगमरवरी फुलदाणीशी तिचे नाक जाऊन टेकले. मागचे फोर्डवाले एका झटक्यात वळून कमानीकडे तोंड करून तयारही झाले.

"काका," त्यांच्यातला एक ओरडला, "हिला वळवायची असते, की पाडून उलट्या तोंडानं पुन्हा बांधायची असते?"

लोक हसले. मेलेली मुलगी जिवंत निघाल्यामुळे सगळ्यांचीच मने हलकी झाली होती.

"पण खरंच, काका," पोलीस जवळ आला. आता त्याच्या चेहऱ्यावर शुद्ध कुतूहल होते. "पुढची चाकं अशी झाकली कशाला?"

हसणारे थांबले. जो तो उत्तरासाठी वेंडल यांच्याकडे पाहू लागला. चौतीस वर्षांत त्यांना इतका मोठा श्रोतृवृंद लाभला नव्हता, आणि त्याने प्रश्नही नेमका तोच विचारला होता. उत्तर ओठांपर्यंत आले. त्यांचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला, कारण ते उत्तर हातवाऱ्याविना देता येत नसे.

"सांगा ना, आजोबा," कोरिन हळूच म्हणाली. "मी आईला नाही सांगणार."

वेंडल यांनी हात खाली घेतला. "नको पोरी. शब्द दिलाय. निदान तेवढा तरी पाळू दे."

अखेर खड्डे खणणाऱ्या माणसाने फावड्याने दिशा दाखवली. सरोवराच्या बाजूने सगळ्या दफनभूमीला वळसा घालणारी एक रुंद वाट होती आणि ती मागच्या फाटकाने बाहेर पडत होती. तिच्यात वळण म्हणावे असे वळणच नव्हते. कोरिन पुन्हा आडवी झाली. पोलिसाने भोंगा सुरू केला; आणि एकदा भोंग्याला बंदी उरली नाही म्हटल्यावर नॅशवाल्यांनीही आपापले भोंगे सुरू केले, फोर्डवाल्यांनीही केले, आणि ज्यांनी त्यांना जाताना टोपी काढली होती त्यांनी येताना कानांवर हात ठेवले.

चर्चच्या पायऱ्यांवर आर्डिस उभी होती. सव्वादोन वाजून गेले होते. कोरिन उतरली, तेव्हा झग्यावर कमरेपाशी एक सुरकुती आडवी पसरलेली स्पष्ट दिसली. उठून बसली होती ना ती.

"कुठे होतात?" आर्डिसने विचारले.

"कब्रस्तानात," कोरिन म्हणाली.

"आणि हे कोण सगळे?"

"मला पुरायला आले होते. फार चांगली माणसं आहेत, आई." एवढे बोलून ती आईचा हात धरून आत पळाली, कारण आतून धून दुसऱ्यांदा सुरू झाली होती.

वेंडल यांनी कोणतीही सबब सांगितली नाही. समारंभ संपून लोक बाहेर येऊ लागले, तेव्हा ते आर्डिसजवळ गेले आणि मोटारीची किल्ली त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. "सोमवारी ट्रक येऊ दे," ते म्हणाले. "उशीर झाला. सुरकुतीही पडली. तुझं बरोबर आहे."

आर्डिसने किल्ली घेतली. काही बोलावे असे तिला वाटले. पण तेवढ्यात कोणीतरी विचारले की, या अनोळखी पाहुण्यांना वाढायचे काय, आणि ती धावली. सुदैवाने पावाच्या गाडीवाल्याने आपले सगळे ट्रे उतरवून दिले. हॅम पातळ कापण्यात आले, बटाट्याच्या सॅलडमध्ये आणखी बटाटे पडले, आणि चर्चच्या अंगणात झाडाखाली ती विलक्षण पंगत बसली. जे एका मुलीच्या मृत्यूचे दुःख करायला निघाले होते, ते तिच्या लग्नाचे जेवण इतक्या आनंदाने जेवले की, निमंत्रित मंडळी त्यांच्यापुढे उपरी वाटू लागली.

वेंडल जेवले नाहीत. ते मोटारीपाशी उभे राहून दाराच्या मुठी रुमालाने पुसत होते. पुसलेल्या मुठी ते पुन्हा पुसत.

पावाच्या गाडीचा चालक हातात बशी घेऊन त्यांच्याजवळ आला. मोटारीभोवती त्याने एक प्रदक्षिणा घातली. "काका, खरं सांगू? देखणी आहे हो तुमची गाडी. हडसन ना ही?"

झाडाखाली बसलेल्या नॅश मंडळाच्या माना एकदम वळल्या. ऑस्कर ल्युडके यांचा काटा हवेतच राहिला. दारातून येणारी आर्डिसही थबकली. साऱ्यांना वाटले, आता या गरीब पाववाल्याची सुटका अंधार पडेपर्यंत नाही.

वेंडल यांनी त्याच्याकडे पाहिले. मग ते किंचित हसले आणि त्यांनी मान डोलावली.

"हो," ते म्हणाले. "असेल."

आर्डिसने वडिलांना चिडलेले पाहिले होते, दमलेले पाहिले होते, आईच्या शवपेटीशेजारी बसलेलेही पाहिले होते. परंतु नॅशला हडसन म्हटल्यावर 'असेल' म्हणणारा हा मनुष्य तिने कधीच पाहिला नव्हता. तिच्या काळजात चर्र झाले. ती तरातरा पायऱ्या उतरली.

"हडसन?" ती पाववाल्याला म्हणाली. "ही हडसन?"

"का? नाही का?"

"हडसन तिकडे डेट्रॉइटची! ही इथली, या गावातली. धरा ती बशी बाजूला. सोळा साली चार्ल्स नॅश या गावात आला. कोण होता तो? आईबापांनी टाकलेलं पोर. दुसऱ्याच्या शेतावर राबून वाढलेलं. तोच पुढे देशातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि ती खुर्ची सोडून इथे आला. इथला जुना कारखाना घेतला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं."

"वा," पाववाला म्हणाला आणि बशीकडे हात नेला.

"थांबा, संपलं नाही. पंचवीस साली स्वस्तातली गाडी काढली, तिचं नाव अजॅक्स. नाव कुणाला आवडलं नाही. मग काय केलं? ज्यांनी ज्यांनी ती घेतली होती त्यांना नॅशच्या नावाचे बिल्ले, चाकांच्या टोप्या, सगळं फुकट पाठवलं! घरबसल्या अजॅक्सची नॅश करा म्हणून! छत्तीस साली पलंग आला. सदतीस साली शीतकपाटांच्या कंपनीशी लग्न लागलं. हसू नका, पुढच्याच वर्षी थंडीत बाहेरची हवा गरम करून आत सोडणारं यंत्र निघालं, ते उगाच नाही. एक्केचाळीसची 'सहाशे'. नाव सहाशे का? एकदा टाकी भरली की सहाशे मैल!"

आर्डिसचा उजवा हात आता वर गेला होता. मंडळातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले. कारण तो हातवारा हुबेहूब वेंडल यांचा होता. आवाज चढवण्याची जागा तीच, थांबण्याची जागाही तीच.

"आणि चाकं का झाकली, हे विचारलं नाहीत अजून!"

"मी विचारलं होतं," पोलीस गर्दीतून म्हणाला.

"वाऱ्याला अडखळायला जागा नको म्हणून! एकोणपन्नास साली वाऱ्याच्या बोगद्यात पारखून हा आकार काढला. लोक टब म्हणाले. म्हणेनात! पन्नास साली बैठकीला पट्टे दिले, जिवाच्या रक्षणासाठी; तेव्हा बाकीच्यांना ते सुचलंसुद्धा नव्हतं. एकावन्न साली छोटी रॅम्बलर आली. मग इवलीशी मेट्रोपॉलिटन, ती तर साहेबाच्या देशात बनून यायची. चोपन्न साली हडसनशी जुळलं. बघा, तुमची हडसन इथे येते, शेवटी! आणि सत्तावन्न साली..." येथे तिचा आवाज थोडा खाली आला. "सत्तावन्न साली नाव पुसलं. मी अकरा वर्षांची होते. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते."

पाववाला आता बशीची गोष्ट विसरला होता. त्याने टोपी काढली. यावेळी ती कोणासाठी काढली होती, याविषयी संशयाला जागा नव्हती.

गर्दी हळूहळू पांगली. आर्डिस धापा टाकत मोटारीला टेकली. "काय बघताय असे?"

"काही नाही," वेंडल म्हणाले. "तू कधी ऐकत नव्हतीस, असं मला वाटायचं."

"चार वर्षांची असल्यापासून रोज ऐकतेय. कान कुठे नेऊन ठेवणार होते?" तिने किल्लीकडे पाहिले. "त्या संग्रहालयातले लोक पाटीवर चार ओळी लिहितील, आणि त्यातल्या दोन चुकतील. मी त्यांना फोन करते."

"आणि तुझी गाडी? हिवाळ्यात?"

"उभी राहील बाहेर. राहतेच आहे."

"तुझ्या काचेवरचा बर्फ मी काढीन. रोज."

"पहाटे निघते मी, बाबा."

"तू उठायच्या आधी काढलेला असेल."

आर्डिसने किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात टाकली आणि खिसा वरून थोपटला. मग जरा संकोचाने तिने विचारले, "मी सांगितलं ते बरोबर होतं ना सगळं?"

वस्तुतः रॅम्बलर पन्नास सालच्या वसंत ऋतूत बाहेर पडली. याविषयी वेंडल यांच्या मनात संदेह असणे अशक्य होते, कारण पहिल्या खेपेच्या गाड्यांच्या बैठका त्यांनी स्वतः शिवल्या होत्या. या एका सालापायी त्यांनी पूर्वी दोन मित्र तोडले होते आणि एका वर्तमानपत्राला तीन पत्रे लिहिली होती.

"अगदी बरोबर," ते म्हणाले.

"पण वेंडल," ऑस्कर ल्युडके बशी घेऊन पुढे आले, "रॅम्बलर तर पन्नास साली..."

वेंडल यांनी त्यांच्या बुटावर आपला बूट ठेवला आणि सगळा भार त्यावर दिला.

"एकावन्न," वेंडल म्हणाले. "एकावन्न सालीच, ऑस्कर."